बॅलन्सचं बटण

अठ्ठावीस वर्षं मी छापलेले ताव तपासले
नाशिक रोडच्या प्रेसमध्ये.
शाई पसरली, आकडा घसरला, की खूण करून बाजूला.
एवढे पैसे या बोटांखालून गेले
आणि आज पर्समध्ये मोजून सोळा हजार.
त्यात अ‍ॅम्प्लिफायर बसवायचाय.

टर्नटेबल आहे. भाच्यानं पुण्याला जाताना ठेवलं,
"मावशी, सांभाळ," म्हणाला, नंतर मागितलं नाही.
तबकड्या देवळाली कॅम्पातल्या एका बंगल्याच्या आवराआवरीतून,
किलोच्या भावानं मारवा, किलोच्या भावानं पूरिया.

कॉलेज रोडच्या दुकानात एसी, गालिचा,
आणि चप्पल काढावी का, असा प्रश्न.
"फोनो इनपुट आहे का?" मी विचारलं.
माहिती काढूनच गेले होते.
सुईचा आवाज अगदी बारका असतो,
डास गुणगुणल्यासारखा,
त्याला आधी कुणीतरी कडेवर घ्यावं लागतं.
"आहे की, काकू. आणि बघा, सगळं मिळून एकच बटण."
खरंच एकच. काळी गुळगुळीत पाटी, मधोमध एक डोळा.
"बॅलन्सचं कुठंय?"
"ते आता कुणी देत नाही.
बटणं वाढली की आवाजाची शुद्धता जाते."

शुद्धता.
मी त्याला सांगितलं नाही
की माझ्या नवऱ्याचा उजवा कान छपाईच्या हॉलमध्ये राहिला.
तेवीस वर्षं मशीनच्या एकाच अंगाला उभा होता तो.
निरोपाला घड्याळ मिळालं, शाल मिळाली, नारळ मिळाला,
कान कुणी परत केला नाही.
आता तबला उजव्या स्पीकरमध्ये असला
की विचारतो, "हा एकटाच का गातोय?"

ऐकावं जनाचं. मी ऐकलं, पाणी प्यायले,
आणि रिक्षा केली दूध बाजारापर्यंत.

इम्तियाज कोकणींच्या दुकानात गालिचा नाही.
उघडी पडलेली यंत्रं, कल्हईसारखा सोल्डरचा वास,
आणि मागच्या फळीवर एक जुना, चांदीच्या रंगाचा,
बटणांची अख्खी ओळ असलेला.
"वॉट किती?"
"चाळीस. तुमच्या खोलीला वीस पुरे, ताई.
उरलेले वीस शेजाऱ्यांना."
मी पहिल्यांदा बॅलन्सच फिरवलं.
चणे फुटल्यासारखं तडतडलं. त्यांनी कसलासा फवारा मारला,
वीसेक वेळा इकडून तिकडे केलं,
मग माझ्या हाती दिलं.
मधोमध एक खाच आहे. बोटाला लागते.
साडेचौदा म्हणाले. मी तेरा म्हटलं.
चहा आला. पावणेचौदा झाले.
सोबत वायर फुकट, आणि एक ताकीद:
"अर्थिंग नीट बघून घ्या."

घरी मांडायला संध्याकाळ गेली.
मारवा लावला. बटण खाचेतून सोडवलं
आणि घड्याळात दोन वाजतात तितकं उजवीकडे नेलं.
माझ्या कानाला ते वाकडं वाटलं,
भिंतीवर तिरका टांगलेला फोटो असावा तसं.
तो शेंगा सोलत बसला होता.
दुसऱ्या आवर्तनात त्या मैफलीत कुणीतरी खोकलं,
पन्नास वर्षांपूर्वी, पुढच्या रांगेत, उजव्या हाताला.
त्याचे हात थांबले.
"दारात कोण आलंय बघ गं,"
म्हणाला,
आणि स्वतःच मान वळवली,
उजवीकडे.

दारात कुणी नव्हतं. मी तसं सांगितलं नाही लगेच.

खाली एक गुणगुण आहे अजून,
सेकंड शिफ्टला बाहेरच्या रस्त्यावरून जाताना यायची तशी.
मला ऐकू येते, त्याला नाही.
पूर्वी अशा तावावर मी खूण केली असती.
वायरमन बोराडे गुरुवारी येतो म्हणालाय.
कुठल्या गुरुवारी, ते नाही बोलला.